आखूड मानेची बास

आमच्या गायन पार्टीत बास गिटार वाजवणारा जो होता, त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गिटार घेऊन गेला. नोकरी त्याची होती, गिटारही त्याचीच होती, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही. आम्ही त्याला पुष्पगुच्छ दिला, सगळ्यांनी मिळून फोटो काढला आणि पुढच्या रविवारी तालमीला बसल्यावर लक्षात आलं की गाणं पातळ लागतंय. आमटीत पाणी जास्त झालं की लागते तसं.

पार्टी म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. मुख्य गाणारी माझी मोठी नणंद. तिला मी ताई म्हणते. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला तिला कधी माईक लागलेला नाही. माझा नवरा कीबोर्ड वाजवतो. एरवी तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या दुरुस्तीवर वायरमन आहे. ढोलकी आणि कोरसला त्याचे तीन मित्र. विहारांचे वर्धापनदिन, जयंत्या, निवृत्तीचे सत्कार, कधीतरी एखादं लग्न, असे आमचे कार्यक्रम. मी पार्टीत नव्हते. मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. कार्यक्रमाला गेले की पाण्याच्या बाटल्या, ताईंचा गरम पाण्याचा थर्मास आणि सगळ्यांची हेल्मेटं सांभाळायची. हे काम मी पंधरा वर्षं केलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

नवऱ्यानं ठरवलं की पार्टीची स्वतःची बास घ्यायची. "आपली असली की वाजवणारा पुण्याला जाऊ दे न्हायतर दुबईला," तो म्हणाला. पंधरा दिवस तो मोबाइलवर फोटो बघत होता. आमच्या ऐपतीतल्या गिटारी बऱ्याच होत्या, पण त्यानं निवडली ती पाच तारांची. बहुतेक बास गिटारींना चार तारा असतात; हिला एक जास्त. वर लाकडाच्या गाठींची नक्षी होती, जी लाकडाची नसून छापलेल्या कागदाची होती, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या बाजूला पाच बटणं. "लई भारी दिसतंय की," असं तो जेवताना दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यानं ती मागवून टाकली.

खोकं आलं तेव्हा सगळी पार्टी घरी जमली. गिटार बाहेर काढली, हातोहात फिरली, फोटो झाले. मग ताईंनी विचारलं, "वाजवणार कोण?"

हा प्रश्न पंधरा दिवसांत कुणाला पडलाच नव्हता.

नवऱ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर गुंतलेले. कोरसमधल्या एकानं दोन रविवार प्रयत्न केला आणि तिसऱ्या रविवारी त्याच्या पुतण्याचा वाढदिवस निघाला. गिटार आमच्या फ्रिजशेजारी कोपऱ्यात उभी राहिली. मी रोज तिच्यावरून फडकं फिरवायचे. एका शनिवारी दुपारी पुसता पुसता एक तार जरा जास्त दाबली गेली, सुटली, आणि फ्रिजच्या दारातल्या बाटल्या किणकिणल्या. आवाज मोठा करणाऱ्या मशीनला जोडलेली नव्हती, काही नव्हतं. तरी बाटल्या किणकिणल्या. मी पुन्हा ओढली. पुन्हा किणकिणल्या. दुसऱ्या तारेला नाही वाजल्या. मग कोणत्या तारेला कोणती बाटली वाजते हे बघण्यात माझा अर्धा तास गेला आणि दूध उतू गेलं.

त्या दिवसापासून ड्युटीवरून आलं की स्वयंपाकाच्या आधी एक तास मी मोबाइलवर बघून शिकायला लागले. कुणाला सांगितलं नाही. महिना दीड महिना गेल्यावर नवरा म्हणाला, "भाजीला रोज उशीर का होतोय गं?" मी त्याला ताईंच्या दोन गाण्यांची बास वाजवून दाखवली. तो बराच वेळ गिटारकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "ताईला विचारावं लागेल."

ताईंनी माझा डावा हात हातात घेतला आणि बांगडीचं माप घेतात तसा उलटासुलटा करून पाहिला. "अगं, तुझ्या मुठीत वरवंटा मावत नाही. तू हे काय धरणार?"

यात खोटं काही नव्हतं. दवाखान्यात मला सहा नंबरचे हातमोजे लागतात आणि त्याहून लहान नंबर आमच्याकडे येत नाही. पण दुसरं कुणी नव्हतं, आणि मला पाठ झालेल्या गाण्यांची संख्या तोवर अकरा होती. ताई म्हणाल्या, "बरं. पण थर्मास कोण सांभाळणार?" तोही मीच सांभाळायचा, असं ठरलं.

पहिल्या उन्हाळ्यात त्या गिटारीनं मला काय काय शिकवलं ते सांगते. तिची मान, म्हणजे ज्या लांब दांड्यावर तारा दाबायच्या तो भाग, पाच तारांमुळे रुंद होती. सर्वांत जाड तार अंगठ्याच्या बाजूला, आणि तिच्या पलीकडे बोटं न्यायची म्हणजे मला मनगट पार पुढं वळवावं लागायचं. गंमत अशी की ती पाचवी, सर्वांत खालच्या आवाजाची तार आमच्या कामाचीच नव्हती. आमच्या स्पीकरला तो आवाज पेलायचा नाही. नुसती जाळी थरथरायची, सूर ऐकू यायचा नाही. म्हणजे जी तार कधी वाजवायची नाही, तिच्यावरून रोज हात न्यायचा.

दुसरं, गिटार गळ्यात अडकवून उभं राहिलं आणि डावा हात सोडला, की तिचं डोकं आपोआप जमिनीकडे जायचं. एका टोकाला पाच जाड खुंट्या, अंग त्या मानानं आखूड, आणि पट्टा अडकवायची जागा चुकलेली. म्हणजे डाव्या हातानं तारा दाबायच्या आणि त्याच हातानं मान उचलूनही धरायची. वजन किती, हे बघायला मी ती गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेली. त्यानं ती काट्याच्या आकड्याला अडकवली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पाच किलोला जरा कमी." मग तिच्याकडे जरा वेळ बघून, "द्यायची हाय का?"

तिसरं म्हणजे, मे महिन्यात ती चावायला लागली. मानेवर आडव्या बारीक सळ्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्यांची टोकं कडेला बाहेर आल्यासारखी झाली. हात वरखाली नेला की तळव्याच्या कडेला ओरखडे. खिडकीवर औषधं देताना एका आजीनं ते पाहिले आणि विचारलं, "मांजर पाळलंय व्हय?" मी हो म्हणाले. खरं सांगायला वेळ लागला असता आणि रांग मोठी होती.

जूनमध्ये मनगट दुखायला लागलं. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, ते मी मलाच दिलं, आणि दिवसातून दोनदा लावा असं सवयीनं स्वतःला सांगितलंही. फरक पडला नाही.

आमच्या सोलापुरात शुक्रवार पेठेत एक म्हातारे मिस्त्री आहेत. पेटी दुरुस्त करतात, सतारीचे पडदे बसवतात. मी गिटार त्यांच्याकडे नेली, तेव्हा त्यांनी आधी कापसाचा बोळा घेतला आणि मानेच्या कडेवरून खालपर्यंत फिरवला. कापूस जागोजागी अडकून राहिला. त्यांनी मला ते दाखवलं, जसं एक्स-रे दाखवतात.

"उन्हाळे में लकडी सुकड़ती. लोहा नई सुकड़ता," ते म्हणाले. "हमारे सोलापूर की हवा है ये. जहाँ बनी, वहाँ ओल होगी."

एवढ्या स्वस्त गिटारीत कारखान्यात ही टोकं कुणी घासून गोल करत बसत नाही, असंही त्यांनी सांगितलं. त्यांनी बारीक कानस घेऊन एकेक टोक घासलं. दोन दिवस लागले. मग मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून पाहिली आणि म्हणाले, वाकली आहे. मानेच्या आत एक सळई असते, ती किल्लीनं आवळली की मान सरळ होते. त्यांनी पाव फेरा दिला आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"झालं?"

"नई. आज इतनाच. लकडी को सोचने दो."

तिसऱ्या दिवशी तारा मानेच्या बऱ्याच जवळ आल्या होत्या. दाबायला निम्मं बळ पुरायचं. मला वाटलं प्रश्न मिटला. मी तसं म्हणाले, तेव्हा त्यांनी माझा हात पाहिला, ताईंनी पाहिला होता तसाच, पण मत वेगळं दिलं. "बेटी, हात को नक्को कोसो. अब ये काटेगी नई. लेकिन ये तुम्हारे माप की नई. चप्पल का माप देखते ना? फिर?" पैसे घेताना त्यांनी सांगितलं की वाद्यांच्या दुकानात जाऊन दुसऱ्या गिटारी हातात घेऊन बघा, मशीनला जोडायच्या आधी नुसत्याच वाजवून बघा, आणि गळ्यात घालून डावा हात सोडून द्या.

दुकानात स्वस्तातल्या तीन बास टांगलेल्या होत्या. मालक साठीचे, विणकरांच्या घरातले. फोनवर बायकोशी तेलुगूत बोलता बोलता त्यांनी मला हातानंच बसायला स्टूल दाखवलं.

पहिली, कडेला काळी आणि मध्ये गुळासारखी पिवळी. मधोमध आवाज पकडणारा एकच तुकडा, दोनच बटणं: एक आवाज कमीजास्त करायला, दुसरं तो मऊ करायला. मान जाड, भरीव, हातात लाटणं घेतल्यासारखी. नुसती वाजवली तरी तिचं लाकूड छातीला लागून गुणगुणायचं. मशीनला जोडली तेव्हा आवाज जाड, गोल, भरलेल्या पिंपावर थाप मारल्यासारखा. "हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच," मालक फोन ठेवून म्हणाले. डावा हात सोडला, तर थोडी झुकली आणि थांबली. पण पहिल्या चार सळ्यांवर चार बोटं ठेवायला गेले, तर करंगळी पोचेना.

दुसरी काळी. हिची मान वरच्या टोकाला निमुळती, जवळजवळ नाजूक, त्यामुळे माझा अंगठा पहिल्यांदाच मागं आरामात बसला. आवाज पकडणारे दोन तुकडे, तीन बटणं. दोन्ही तुकडे पूर्ण उघडे ठेवले तर शांत. एक बंद केला की जुनी ट्यूबलाइट करते तशी घरघर. आवाज स्वच्छ, प्रत्येक सूर वेगळा कळायचा, पण थोडा नाकात. अंगानं तिरकी आणि जड. सळ्यांमधलं अंतर पहिलीइतकंच, म्हणजे मान बारीक असली तरी बोटं तेवढीच फाकवायची.

तिसरी एका कोपऱ्यात होती, फिक्या हिरव्या रंगाची. आमच्या वॉर्डातले पडदे आहेत तसल्या. मी तिच्याकडे हात केला, तेव्हा मालक म्हणाले, "ती तुमच्यासाठी नाही मॅडम. ती लहान मुलांची."

तरी घेतली. तारांची लांबी इतर दोघींपेक्षा चार इंचांनी कमी, त्यामुळे सळ्या जवळजवळ. चार बोटं चार सळ्यांवर जाऊन बसली, कुणी सांगितल्यासारखी. वजन इतकं कमी की पट्ट्याखाली खांदा आहे हे विसरायला झालं. डावा हात सोडला, गिटार जागची हलली नाही. दोष होते. खुंट्या घट्ट, बटणं प्लास्टिकची आणि डगमगती. सर्वांत वाईट म्हणजे जाड तार सैल लागायची. जरा जोरात ओढली की सळीवर आपटून खडखडायची, आणि जोरात दाबली की सूर वर चढायचा.

पण मनगट दुखत नव्हतं. वीस मिनिटं झाली होती.

मी ती परत ठेवली आणि म्हणाले, "विचार करून सांगते." तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. लहान मुलांची गिटार गळ्यात घालून मी स्टेजवर ताईंच्या मागं उभी आहे, हे चित्र माझ्या डोळ्यासमोर आलं आणि त्यात मला माझंच तोंड बघवेना. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की आहे तीच बरी आहे. त्याला आनंद झाला.

त्यानंतर श्रीपूरचा कार्यक्रम आला. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या विहाराचा वर्धापनदिन, सकाळी अकराचा. हंगाम सुरू होता. मंडपाच्या मागच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते आणि दर दोन गाण्यांत एकदा ताईंना त्यांच्या भोंग्याला थांबावं लागत होतं. समोर कामगारांची कुटुंबं, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पुढं लहान मुलं. माझा हा चौथा कार्यक्रम. पट्ट्याखाली मी टॉवेलची घडी ठेवली होती आणि मनगटाला क्रेप बँडेज बांधलं होतं. ताईंनी ते बघितलं आणि माईककडे वळल्या.

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात माझ्या गिटारीचा आवाज गेला. हळूहळू नाही गेला. आधी एक सूर फाटल्यासारखा आला, मग काहीच नाही. मी बटणं फिरवली. पाचही. काही नाही. तेव्हा काय करायचं हे मोबाइलवर कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी वाजवत राहिले. बोटं जागच्या जागी जात होती. बघणाऱ्याला काही फरक कळला नसता, आणि कळलाही नाही. पुढच्या रांगेतली एक बाई माझ्याकडे बघून मान डोलावत होती.

पण ताई घसरल्या. पस्तीस वर्षं गाणाऱ्या ताई, ज्यांना मी कधी बेसूर होताना ऐकलं नव्हतं, त्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला सुराखाली उतरल्या, सावरायला गेल्या आणि वरच लागल्या. गाणं त्यांनी कसंबसं संपवलं, माईकवर "दोन मिनिटं" म्हणाल्या आणि थर्मास घेण्याच्या निमित्तानं माझ्याकडे आल्या.

"तू काय केलंस?"

"काही नाही केलं."

"तेच की! काही नाही ऐकू आलं. जिन्याची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं झालं मला. सूर ठेवू कुठं?"

नवरा आला. गिटारीच्या पाठीमागं एक छोटं झाकण होतं, त्यात चौकोनी बॅटरी. त्या पाच बटणांना वीज लागते, ती तिथून जायची. बॅटरी संपली होती. वर्षभर जाईल असं खोक्यावर लिहिलं होतं. आम्हाला नंतर समजलं की वायर गिटारीत खोचलेली राहिली की आतली वीज चालूच राहते, कुणी वाजवो न वाजवो. आणि वायर सारखी काढ-घाल केली तर भोक ढिलं होतं, म्हणून ती कायम खोचूनच ठेवायची, असा नियम घरात नवऱ्यानं केला होता. तो वीस वर्षं वायरमन आहे.

वसाहतीत तसली बॅटरी मिळेना. शेवटी कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातले एक गृहस्थ घरी गेले आणि त्यांनी स्वतःच्या वीज तपासायच्या मीटरमधली बॅटरी काढून आणून दिली. "कार्यक्रम झाल्यावर तेवढी परत द्या," म्हणाले. पुढची गाणी नीट झाली. मी शेवटच्या दोन गाण्यांना दात आवळून वाजवत होते, कारण मनगटातली कळ कोपरापर्यंत आली होती.

परतताना टेम्पोत ताई माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "हात दुखतो तुझा."

"थोडा."

"थोडा नाही. मी मुलांना शिकवते, मला कळतं. तोंड वाकडं करून वाजवतेस. लोकांना वाटतं भावना आहे." आणि मग, "मला वाटायचं, तू मागं आहेस काय नि नाहीस काय. तसं नाहीये ते."

ताईंच्या तोंडून याहून जास्त निघत नाही. हे निघालं हेच पुष्कळ. मी त्यांना हिरव्या गिटारीबद्दल सांगितलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या थेट दुकानात आल्या. त्यांनी स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं, बसल्या, डोळे मिटले आणि मला म्हणाल्या, "एकेक वाजव. कुठली ते सांगू नको." प्रत्येक गिटारीबरोबर त्यांनी गाण्याची तीच ओळ म्हटली, तीही पूर्ण आवाजात. मालकांनी उठून दुकानाचं दार लोटलं. तीन वेळा म्हणून झाल्यावर ताई म्हणाल्या, "पहिली." ती गुळाच्या रंगाची, जाड मानेची होती.

"ती मला पुरत नाही ताई."

"मग कुठली पुरते?"

"तिसरी. पण ती लहान मुलांची आहे."

"कोण म्हणालं?"

मालक म्हणाले, "मी म्हणालो."

"का?"

मालकांना शाळेत उभं केल्यासारखं झालं. ते म्हणाले, आखूड असते, हलकी असते, शिकायला घेतात. ताई म्हणाल्या, "मी बसक्या खुर्चीवर बसते म्हणून मी बालवाडीत आहे का?" मालक म्हणाले, नाही. ताईंनी मग आवाजाचं विचारलं. आवाज सैल आहे, खडखडतो, याला काही इलाज? मालकांना माहीत नव्हता. आम्ही तिघं गिटार घेऊन शुक्रवार पेठेत गेलो. मालकांनी दुकान शेजाऱ्यावर सोडलं, कारण आता त्यांनाही बघायचं होतं.

मिस्त्रींनी तारेवरून नख ओढलं. खर्रकन आवाज आला. या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, ते म्हणाले, म्हणून ती खरखरीत. चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा मिळतात. त्या गुळगुळीत, ताठ, आवाजाला जाड. आखूड गिटारीला त्याच लावाव्यात. मालकांनी त्या मागवल्या. दहा दिवसांनी आल्या. मिस्त्रींनी त्या चढवल्या, वरच्या टोकाची खाच कानशीनं थोडी मोठी केली आणि मागच्या बाजूला तारांखाली स्पंजचा बोटभर तुकडा खोचला, तो भांडी घासायचा होता, नवा.

दुकानात परत आल्यावर ताई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी गुळाच्या रंगाची आणि हिरवी आलटून पालटून वाजवल्या. तीन वेळा विचारलं, तीनपैकी दोनदा ताईंनी चुकीची सांगितली. त्यांना राग आला. "घे ती हिरवी," म्हणाल्या. मालकांनी पाच तारांची बदल्यात घेतली आणि हिरवी जिथं टांगलेली होती तिथं टांगली. तिथं ती बरेच दिवस होती. नवरा त्या बाजूला कामाला गेला की बघून यायचा.

हिरव्या गिटारीत बॅटरी नाही. खुंट्या अजून घट्ट आहेत आणि मे महिन्यात दर चार गाण्यांनंतर सूर उतरतो, तो मी ताई पाणी पितात तेवढ्यात चढवून घेते. सळ्यांची टोकं पहिल्याच उन्हाळ्यात बाहेर आली, मिस्त्रींनी घासून दिली. बटणांपैकी एक पडलं, त्या जागी मी औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलंय, नीट बसलंय. मनगटाचं बँडेज सुटलं त्याला आता दोन वर्षं झाली. ताई आणि मी लयीवरून भांडतो. त्यांना वाटतं मी मागं ओढते, मला वाटतं त्या पुढं पळतात. नवरा म्हणतो दोघींचं बरोबर आहे, आणि दोघींचाही राग ओढवून घेतो.

गेल्या हिवाळ्यात जेऊरला कार्यक्रम होता, दुपारचा. संपल्यावर वायरी गुंडाळत असताना एक बाई जवळ आली. शेतावरून तशीच आलेली असावी, डोक्याला बांधलेला रुमाल तसाच होता. तिनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"बाई, एक इचारू? त्या गात्यात, ते पेटी वाजिवत्यात. तुमी काय करता?"

मी म्हणाले, "मी ही वाजवते."

"मला तर काय ऐकू आलं न्हाय हिचं."

मशीन बंद झालं होतं. मी तिचा हात धरला, गिटारीच्या अंगावर पालथा ठेवला आणि सर्वांत जाड तार ओढली. तिनं हात काढला नाही. तार विझेपर्यंत तसाच ठेवला. "आणि एकदा," म्हणाली. मी आणखी एकदा ओढली.

"हे व्हय," ती म्हणाली. "हे मगाशी पोटात वाजत हुतं. मला वाटलं, भूक लागली."

मग ती जेवणाच्या पंगतीकडे गेली, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला म्हणून मीही आवरायला घेतलं.